सहावी पुडी

मी दहा वर्षांचा असताना माझ्या धाकट्या बहिणीचं नाताळचं मागणं चोरलं, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. प्रार्थनेतसुद्धा कधी नाव घेऊन कबूल केली नाही. तिथं मी 'माझे सगळे अपराध' असं घाऊक म्हणून पुढं सरकत आलो. नुसती चोरी असती तर केव्हाच हसण्यावारी गेली असती. पण तिचा दोष दुसऱ्या एका माणसानं आपणहून स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला. तो माणूस म्हणजे माझे वडील. ते आता आतल्या खोलीत दुपारचे पडलेत, आणि मी शहापूरच्या या घराच्या ओट्यावर बसून लिहितोय. कानानं कमी ऐकू येतं त्यांना, तरीही मी पेन हळूच टेकवतोय. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

तेव्हा मुरबाडात दादा, म्हणजे माझे वडील, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही मूळचे नगरकडचे, आणि सबंध गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. जवळचं चर्च कल्याणला. तिकडं जायचं तर अख्खा दिवस मोडायचा, म्हणून रविवारची उपासना घरातच व्हायची. दादा उपदेश करायचे, आई गायची, आणि मी नि रूथ मिळून मंडळी. त्यातली निम्मी मंडळी उपदेश संपेपर्यंत आईच्या मांडीवर झोपलेली असायची. ती निम्मी म्हणजे रूथ, वय वर्षं सात. भिंतीपलीकडे आमच्या घरमालकीण बायजाकाकू. त्यांना आमच्या सणाचं भारी कौतुक. डिसेंबर लागला की रूथला अंगणात गाठून विचारायच्या, "काय गो रुते, तुमची दिवाळी कदी? करंज्या झाल्या का नाय?" करंज्या झाल्या की पहिलं ताट त्यांच्याकडं जायचं, जसं त्यांच्या फराळाचं पहिलं ताट आमच्याकडं यायचं.

दादांचे हात आठवले की मला आधी ते पुड्या बांधताना आठवतात. पावसाळा सरला की हिवतापाचे रोगी वाढत, आणि दवाखान्यातलं काम दिवसात उरकत नसे. मग दादा कोयनेलची बाटली, पितळी तराजू आणि जुन्या वह्यांचे चौकोनी कापलेले कागद पिशवीत घालून घरी आणत. चहा झाला की माजघरातल्या टेबलाशी बसत. कागद पसरायचा, भुकटी ठेवायची, बोटांच्या चार हालचाली, आणि पुडी लाकडी तबकात पडायची. एक कोपरा दुसऱ्यात इतका घट्ट बसलेला की हलवली तरी उघडू नये. हे करताना ते गात. आवाज काही गोड नव्हता, पण तालाला पक्का. एका कडव्यात सहा पुड्या. दोन दिवसांचं औषध म्हणजे सहा पुड्या, म्हणजे एक कडवं. त्यांनी पुड्या मोजल्याचं मला आठवत नाही; त्यांचं गाणंच मोजायचं. आई चुलीपाशी भाकरी थापत मध्येच सूर लावायची, आणि आमच्या घरात कोयनेल कडू असतं हे मला बरंच उशिरा कळलं.

नाताळ जवळ आला की घराचा वासच बदलायचा. एरवी दवाखान्याच्या औषधांचा वास दादांच्या सदऱ्यातून घरभर पसरलेला असे. त्यावर तळणीचा वास चढायचा. आई रव्याचा केक करायची: मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूत डबा, झाकणावर निखारे. केक खालून करपायचा आणि वरून कच्चा राहायचा, आणि आम्ही मधला भाग खाऊन 'यंदा छान झालाय' म्हणायचो. दादा बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधत आणि तिला पतंगाचा लाल कागद तांदळाच्या खळीनं चिकटवत. ती ओट्यावर टांगली की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. आणि त्याच दिवसांत रस्त्यावरून दिवसभर घुंगरांचा आवाज चालू होई. जवळच्या म्हसा गावच्या जत्रेला बैल निघालेले असत.

म्हशाची जत्रा पौषातल्या पुनवेची. आमच्या नाताळाशी तिचं नातं काय, असं कुणालाही वाटेल. नातं असं, की खेळणं म्हणावं अशी वस्तू आमच्या भागात मिळायची ती त्या जत्रेतच. त्यामुळं आमच्या नाताळच्या भेटी म्हसोबाच्या दारातून यायच्या, आणि पुनव मागं-पुढं होईल तशा नाताळानंतर आठ दिवसांनी नाहीतर महिन्याभरानं यायच्या. रूथ कुरकुरली की दादा गंभीर चेहऱ्यानं सांगत, "पूर्वेकडचे ते ज्ञानी लोक येशूबाळासाठी भेटी घेऊन निघाले, ते तरी कुठं वेळेवर पोचले? त्यांनासुद्धा जत्रेतूनच यावं लागलं असणार." रूथला हे पटायचं. तिच्या डोक्यात बेथलेहेमची वाट म्हशावरूनच जात होती.

भेट मात्र एकालाच. दोघांना मनाजोगतं घेण्याइतकी ऐपत नव्हती, आणि ती नाही असं दादा कधी म्हणाले नाहीत. त्यांनी त्याचा विधीच करून टाकला होता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी आणि रूथनं आपापलं मागणं एकेका कागदावर लिहायचं, कागदाची दादांसारखी पुडी बांधायची आणि औषधाच्या एका रिकाम्या बरणीत टाकायची. नाव घालायचं नाही, "देवाला अक्षर कळतं." नाताळच्या आदल्या दुपारी दादा डोळे मिटून त्यातली एक पुडी काढत. निघाली ती वाचायची, आणि जत्रेत ती वस्तू यायची. जी निघाली नाही ती न उघडता आई चुलीत टाकायची. मागणं वर पोचलं, पुढच्या साली बघू, असा त्याचा अर्थ. दुसऱ्याला जत्रेतून शिट्टी किंवा भिंगरी.

लागोपाठ दोन वर्षं रूथचीच पुडी निघाली होती. माझ्याकडं दोन शिट्ट्या आणि फार मोठा अन्याय जमला होता. आणि यंदा मला हवं होतं ते शिट्टीसारखं सोसण्यातलं नव्हतं. आदल्या जत्रेत कल्याणहून आलेल्या एका दुकानात मी तोंडानं वाजवायचा बाजा पाहिला होता, निळ्या डबीत, आत लाल मखमल. दुकानदारानं तो ओठांवरून एकदा नुसता फिरवला आणि मी तिथून हलेनासा झालो. वर्षभर मी कंगव्यावर कागद लावून सराव केला होता. तो बाजा मिळाला की मी दादांच्या गाण्याला साथ करणार, असं मी ठरवून टाकलं होतं. हे खरं होतं, आणि म्हणूनच चोरी करताना मला ती चोरी वाटली नाही.

नाताळाला चार दिवस होते. दादा हातपाय धुवायला विहिरीवर गेलेले, आई अंगणात. टेबलावर बांधलेल्या पुड्यांनी भरलेलं तबक, आणि शेजारच्या फळीवर बरणी. मी बरणीत हात घातला. दोनांतली माझी कुठली ते मला ठाऊक होतं. कोपऱ्यावर शाईचा ठिपका होता. दुसरी उघडली. आत साखर होती, चिमूटभर. रूथनं दादांची नक्कल पुरेपूर केलेली. आणि साखरेखाली तिचं ते शेंगदाण्याएवढं अक्षर: 'मला एक पांढरं करडू पाहिजे. लवकर.' मला हसू आलं, एवढं नक्की आठवतं. मी साखरेसकट ती पुन्हा बांधली. मी दादांचा मुलगा. घडी अगदी त्यांच्यासारखी बसली. मग खिशातून आधीच लिहून ठेवलेली माझी दुसरी पुडी काढून बरणीत टाकली. आता बरणीत दोन्ही मागण्या बाज्याच्याच होत्या.

तेवढ्यात आईच्या बांगड्या वाजल्या. माझ्या मुठीत रूथची पुडी. खिशात ठेवली असती तरी चाललं असतं, पण अपराधी माणसाला खिसा काचेचा वाटतो. मी ती तबकात टाकली, पुड्यांमध्ये. आई गेली की काढून घेऊ. पण आई गेली नाही. ती सूप घेऊन तिथंच बसली आणि वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. तबकात ऐंशी-नव्वद पुड्या, सगळ्या एका तोंडवळ्याच्या. मी बघत बसलो. दादा आले, पुसलेल्या हातांनी तबक पिशवीत रिकामं केलं आणि नवं कडवं सुरू केलं.

त्या रात्री मी स्वतःची समजूत घातली ती मला अजून शब्दशः आठवते. साखरच आहे. कुणीतरी खाईल. कागद कोण वाचतो? आमच्या पुड्यांच्या कागदांवर तसंही काहीबाही लिहिलेलं असायचंच.

नाताळच्या आदल्या दुपारी दादा लवकर घरी आले. प्रार्थना झाली. त्यांनी डोळे मिटून बरणीत हात घातला, पुडी काढली, वाचली: "तोंडानं वाजवायचा बाजा, निळ्या डबीतला." माझ्याकडं बघून हसले. "शमुवेल, यंदा तुझा नंबर रे बाबा." मीही हसलो. आईनं उरलेली पुडी चुलीत टाकली. रूथ रडली नाही. ती भुवया आक्रसून चुलीकडं बघत होती. मग म्हणाली, "दादा, दुसरी जड नव्हती?"

"दोन्ही सारख्याच होत्या गं."

"असं कसं?" ती पुटपुटली. मी पाणी प्यायला उठलो.

आणि अंगणातून आवाज आला, "म्यॅ."

दारात एक म्हातारा उभा होता. गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्याला मुंडासं, आणि खांद्यावर, चारी पाय छातीपाशी धरलेलं, पांढरंशुभ्र करडू. रूथनं जी किंकाळी फोडली ती बायजाकाकूंच्या घरापर्यंत गेली. "दिलं! देवानं दिलं! पुडी जाळली तरी दिलं!" आईनं हातातली कढई खाली ठेवली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. आमच्या घरी चमत्कार झाला आहे, असं दोन माणसांना वाटत होतं, आणि तिसरा पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड सरकला होता.

दादा बाहेर गेले. "पदूबाबा? नातीला ताप होता ना? तुम्ही इकडं कसे?"

"सायेब, मागितलंव तसं आनलंय," म्हाताऱ्यानं करडू ओट्यावर सोडलं. "पांढरंच हाय. लवकर लिवलं व्हतंव, म्हनून बाजाराची वाट नाय बघितली. सांजच्याला परत जायाचंय."

"मी मागितलं?"

"आता काय सायेब, लाजायाचं काय त्यात? पाच पुड्या कडू निघाल्या. सहावी गोड. वर लिवलेलं. भावाचा नातू साळंत जातो, त्यानं वाचली. आमी म्हनलं, कंपौंडर सायेब मोठा मानूस, साखरंत घालून मागनं धाडलान." आणि मुंडाशातून त्यानं घडी घातलेला कागद काढून दादांच्या हातात ठेवला. डॉक्टरांना द्यायला पैसे नसणारे लोक तांदूळ, कोंबडी, मध असं काही आणून देत. त्यामुळं त्याला यात विशेष काही वाटलं नव्हतं. दादांनी मात्र स्वतःसाठी कुणाकडून अंडंसुद्धा कधी घेतलं नव्हतं.

एवढ्यात बायजाकाकू कुंपणापाशी आल्या. "अगो बाय, आयतं आलं की! उद्या नाताल. मसाला वाटून देते मी, पाटा रिकामाच हाय."

"खायचं नाही!" रूथ करडावर पालथी पडली. करडू तिच्या काखेतून निसटलं, बाकावर चढलं आणि चांदणीचा लाल कागद चाटू लागलं. खळीची चव लागल्यावर त्यानं एक टोक ओरबाडून खाल्लं. कुणी हाकललं नाही. सगळे दादांकडं बघत होते.

दादा कागद वाचत होते. दोनच ओळी, पण त्यांनी त्या फार वेळ वाचल्या. मग चुलीकडं बघितलं, मग टेबलाकडं. त्यांनी मनाशी काय जुळवलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. घरीच पुड्या बांधायच्या, तिथंच मुलांची बरणी; कधीतरी हातानं अदलाबदल केली. रूथची पुडी रोग्याला गेली आणि रोग्याची बरणीत. म्हणजे मघाशी चुलीत जळाली ती कोयनेलची पुडी. म्हणजे त्या पोरीला एक पुडी कमी पडली. "आज साखर गेली," ते आईला म्हणाले, आवाज अगदी बारीक, "उद्या दुसरं काही गेलं असतं."

"पोरीचं कसं आहे?" त्यांनी पदूबाबाला विचारलं.

"काल उतरला व्हता ताप. आज सकाली आंग जरा कोमट लागलं."

दादा आत गेले, एक पुडी बांधून घेतली आणि चपला घातल्या. "बाबा, हे मागणं माझ्या मुलीचं होतं. माझ्या चुकीनं तुमच्याकडं आलं. औषधाचं तुमचं काही देणं नाही. करडू परत न्यायचं, मी येतो बरोबर."

"आनलेलं परत?" म्हातारा गोंधळला. "नातीचं हाय तसं. रडली जराशी. मंग म्हनली, दे, पन त्येंना नाव सांग. कापशी. नावानं हाक मारल्याबिगर ती खात नाय."

रूथनं वर बघितलं. तिच्या हातात चांदणीचा उरलेला तुकडा होता. "तिला हवी आहे कापशी?"

"हाय ना गो, बाय. तिचीच ती."

रूथनं बराच विचार केला. मग करडाच्या कपाळाला नाक लावलं आणि म्हणाली, "मग तिला द्या. पण सांगा, मी मागितली होती आणि मला मिळाली होती. मग मी दिली." हा हिशेब तिला स्पष्ट लिहून हवा होता.

दादांनी मला बरोबर घेतलं. वाडी अडीच कोसांवर, डोंगराच्या पायथ्याला. पदूबाबा पुढं, करडू आळीपाळीनं आम्हा तिघांच्या खांद्यावर. समोरून म्हशाकडं निघालेले बैल येत होते, घुंगरं वाजत होती, आणि दादा त्या सगळ्या वाटेत एकदाही गुणगुणले नाहीत. मी चालताना देवाला एकच गोष्ट सांगत होतो: ती पोरगी बरी असू दे, बाजा नको. बाजा खरंच नको. मागणं बदलायला उशीर झाला असेल, तरी बघ.

ऊन उतरता उतरता आम्ही पोचलो. झोपडीच्या दारात एक पोरगी गोधडी पांघरून बसली होती आणि नाचणीची भाकरी मिठाबरोबर खात होती. रूथपेक्षा थोडी मोठी. तिचं नाव सोमी. तिनं आमच्याकडं पाहिलं, करडाकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा रागानं लाल झाला.

"यवढ्यात परत आनलंव? पसंत नाय झाली?"

दादा मटकन खाली बसले. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, पुन्हा कपाळाला लावला. "थंड आहे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. मग हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतायत. पदूबाबाही हसला, त्याची म्हातारी हसली, आणि कापशी सोमीच्या हातातली भाकरी घेऊन पळाली, तशी सोमी गोधडी टाकून तिच्या मागं धावली. ताप आलेलं पोर असं धावत नाही, हे मलाही कळलं. आयुष्यात मला खूप वेळा सुटल्यासारखं वाटलं आहे, परीक्षांनंतर, मुलीच्या बाळंतपणानंतर. पण त्या पोरीला भाकरीसाठी धावताना पाहून जे वाटलं त्याची सर कशालाच आली नाही. दादांनी तिला पकडून सहावी पुडी दिली. ती तोंड वाकडं करून म्हणाली, "मागची बरी व्हती."

माझी वेळ होती ती यानंतरची. दादा आणि मी झोपडीबाहेरच्या दगडावर बसलो होतो. त्यांनी खिशातून रूथचा कागद काढला, गुडघ्यावर सपाट केला आणि मला विचारलं, जसं मोठ्या माणसाला विचारावं तसं: "शमू, त्या दिवशी तू तिथंच होतास. पुड्या बांधताना माझं लक्ष कुठं होतं रे?"

सगळं नीट झालं होतं. पोरगी बरी, करडू परत, कुणी रागावलेलं नाही. एवढी सोपी वेळ पुन्हा आली नाही. आणि मी म्हणालो, "तुम्ही गात होता, दादा."

त्यांनी मान हलवली. "हं," म्हणाले. "तेच असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतलो. केक करपला होता, चांदणीला साडेतीन टोकं उरली होती, आणि नाताळ फार आनंदात झाला. दादांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "साखरच गेली ना? फुकट गोड केलंत की तिचं तोंड." पण दादांनी घरी पुड्या आणणं बंद केलं. दवाखान्यात ते पुड्या मोठ्यानं मोजून बांधू लागले, एक, दोन, तीन, आणि देताना प्रत्येक पुडी रोग्यासमोर उघडून दाखवू लागले. लोक चेष्टा करत, ते ऐकून घेत. काम करताना ते पुन्हा कधी गायले नाहीत. पुढं डॉक्टरांनी शहापूरला दुसरा दवाखाना काढला आणि तो दादांवर सोपवायचा म्हणाले. आईनं मनात सामान बांधलंसुद्धा होतं. दादा म्हणाले, "ज्याचा हात चुकतो त्यानं एकट्यानं दवाखाना चालवू नये." आम्ही मुरबाडातच राहिलो. मी पुढं नोकरीसाठी शहापूरला आलो तो माझ्या पायांनी.

म्हशाहून माझा बाजा आला. निळी डबी, लाल मखमल. मी तो ओठांना लावून पहिला श्वास सोडला तेव्हा त्यातून जो आवाज आला तो हुबेहूब 'म्यॅ' असा होता. रूथ हसून लोळली. साथ करायची ज्या गाण्याला, ते गाणंच घरात राहिलं नव्हतं. रूथनं भिंगरी नको म्हणून छोटी पितळी घंटा मागून घेतली, आणि ती दादांनी पदूबाबाच्या हाती कापशीसाठी पाठवली.

इथवर लिहून मी वही बंद केली आणि चार दिवस उघडली नाही. काल मुंबईला रूथला फोन केला. ती आता स्वतः आजी आहे. तिला म्हटलं, "तुला एक सांगायचंय, मध्ये बोलू नकोस," आणि सगळं सांगितलं. म्हणजे या लिखाणाचं पहिलं वाक्य आता खरं राहिलं नाही; पण खोडत नाही. पलीकडून हुंदक्यांसारखा आवाज येऊ लागला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"अरे शम्या, ती साखर कशाला घातली होती मी?"

"दादांची नक्कल म्हणून."

"नक्कल कसली! जड लागावी म्हणून. दादांच्या हाताला जड तीच लागणार, असा माझा अंदाज. मागची दोन वर्षं मी तेच करत होते." ती पुन्हा हसायला लागली. "आणि तू मेल्या, पुडीच बदललीस!"

मीही हसलो, इतका, की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. पंचेचाळीस वर्षं मी ज्या निष्पाप पोरीचं मागणं छातीवर घेऊन हिंडत होतो, ती निष्पाप पोरगी माझ्या आधीपासून या धंद्यात होती. कसं हलकं वाटलं, काय सांगू. मग तिचं हसू थांबलं. "दादांना सांगितलंस?" तिनं विचारलं.

नाही सांगितलं. आज सकाळी त्यांनी रक्तदाबाची गोळी तळहातावर घेतली आणि नेहमीसारखी माझ्या बायकोपुढं धरली. "बघ गं, हीच ना? माझ्या हाताचा भरवसा नाही." ती म्हणाली, "हीच, दादा." मी वर्तमानपत्र वाचत होतो. रूथचा कागद अजून त्यांच्या बायबलमध्ये आहे, पिवळा पडलेला, साखरेचे डाग असलेला. तो तिथं कशाला ठेवलाय हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला विचारावं लागलं नाही.

आता ते उठतील. मी चहा टाकणार आहे. रूथचं देणं काल फिटलं, किंबहुना तिचंच माझ्याकडं थोडं निघालं. पदूबाबा आणि सोमीचं त्याच संध्याकाळी फिटलं. दादांचं बाकी आहे. त्यांच्या चांगल्या कानाशी बसून मला त्यांना एवढं सांगायचंय, की ती पुडी मी तबकात टाकली, चुलीत जळाली ती माझी होती, आणि तुम्ही गात होता म्हणून काहीही चुकलं नव्हतं.